वर्कशॉपच्या पैशासाठी कोण बोलणार?



दहावीचा निकाल लागला की आपल्या उपनगरांत पंधरा दिवस दुसरा विषय नसतो. ज्यांच्या मुलांना पन्नास-पंचावन्न टक्के पडलेत ते आईबाप या दिवसांत सोसायटीच्या गेटपाशी थांबायचं टाळतात. कुणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : "बघू, कुठेच नाही झालं तर आयटीआय आहेच." घाटकोपरच्या शाळेत दहावीला शिकवत असताना हे मी दर जूनमध्ये ऐकत आले. आयटीआयला कमी लेखू नका, हे तुम्हाला बरेच जण सांगतात आणि मीही सांगेन. पण मला त्याहून मोठी काळजी वाटते ती आपण ती संस्था गृहीत धरतो याची.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुर्ला इथल्या सरकारी आयटीआय आज चालू आहेत, कारण दरवर्षी अर्थसंकल्पात विधिमंडळ त्यांच्यासाठी पैसे मंजूर करतं. ज्या वर्षी ते कमी पडतील, किंवा मंजूर होऊनही वेळेवर संस्थेच्या हातात येणार नाहीत, त्या वर्षी इमारत उभी राहील, पाटीही राहील, आणि आत मुलं नुसती बसून राहतील.

हे कसं होतं ते सांगते. फिटरच्या पहिल्या वर्षाला मूल गेलं की त्याला लोखंडाचा एक तुकडा मिळतो. तो व्हाइसमध्ये पकडायचा, मार्किंग करायचं, हॅक्सॉने कापायचा आणि कानशीने घासून मापात आणायचा. त्याला ते 'जॉब' म्हणतात. पहिला जॉब वाकडा होतो, दुसरा मापात चुकतो. व्हर्निअरवर माप बरोबर येईपर्यंत किती लोखंड वाया जाईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि ते वाया जाऊ द्यावंच लागतं. वेल्डिंगच्या मुलाचा बीड सरळ येईपर्यंत रॉडमागून रॉड जळतात. मोटर रिवाइंडिंग शिकायचं तर तांब्याची तार लागते, आणि तिचा भाव तुम्हाला माहीत आहे. गणितात चुकायला मुलाला वही-पेन्सिल पुरते. वेल्डिंगमध्ये चुकायला इलेक्ट्रोड लागतात. म्हणून हे शिक्षण महाग आहे, आणि फी कमी ठेवायची असेल तर त्यातला मोठा वाटा सरकारने उचलल्याशिवाय ते गरिबाच्या मुलापर्यंत पोचत नाही.

आता साहित्याला पैसे आलेच नाहीत असं समजा. मग निदेशक, म्हणजे तिथले शिक्षक, स्वतः एकदा करून दाखवतात आणि मुलं भोवती उभी राहून बघतात. परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं, हात मात्र बसलेला नसतो. तेच मूल कामावर गेलं की सुपरवायझर म्हणतो, आयटीआयवाल्यांना काही येत नाही. ते ऐकून पुढच्या वर्षी शेजारचे पालक आपल्या मुलाला तिथे घालत नाहीत. जागा रिकाम्या राहतात. आणि मग जागाच भरत नाहीत तर एवढा निधी कशाला, असा प्रश्न फायलीवर येतो. हे चक्र सुरू झालं की संस्था मोडायला कुणाला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

सरकारी खर्चात पगार आधी जातात, आणि ते योग्यच आहे. कात्री लागते ती कच्चा माल, दुरुस्ती आणि नवीन यंत्रांना, कारण लेथ मशीन मोर्चा काढत नाही. निदेशकांच्या जागांचंही तसंच. २०२२ मध्ये राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने शिल्प निदेशकांच्या १४५७ जागांची भरती काढली. भरती निघाली हे चांगलंच झालं. पण एकदम इतक्या जागा भराव्या लागल्या, म्हणजे तोवर किती तुकड्या आपल्या ट्रेडच्या निदेशकाविना किंवा उसन्या निदेशकावर चालल्या असतील, याचा विचार करा. आपल्या शाळेत गणिताचा शिक्षक चार महिने नसता तर आपण मुख्याध्यापकांची केबिन सोडली नसती.

विद्यावेतनाची गोष्ट तर मला फार लागते. सरकारी आयटीआयतल्या मुलांना मिळणारं विद्यावेतन कित्येक वर्षं महिन्याला ४० रुपये होतं. दिवसाला नव्हे, महिन्याला. मुंबईत एवढ्यात दोन वडापाव येतात. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ५०० रुपये केलं, आणि त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हवेत. पण एका पिढीची मुलं त्या ४० रुपयांवर शिकून बाहेर पडली, त्या सगळ्या काळात ही रक्कम वाढवा म्हणून आपल्यापैकी किती पालकांनी आमदाराला एक पत्र लिहिलं? पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यात आयटीआय झालेल्या तरुणाला महिना ८००० रुपये ठरले. म्हणजे मनात आलं की पैसे उभे राहतात. ते कशासाठी उभे राहावेत हे ठरताना आपण खोलीत नसतो, एवढंच.

सरकारी पैसा कुणाच्या शिक्षणावर जावा हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ ला महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात त्यांनी हेच मांडलं होतं : महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो. शेतीचं, आरोग्याचं, रोजच्या व्यवहाराचं ज्ञान शाळेत असावं असाही त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि आयटीआय आल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने सांगितलं की उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलं १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत. आपल्या राज्याने १९८८-८९ पासून अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू केले, ज्यांना आपण एमसीव्हीसी म्हणून ओळखतो. उद्दिष्ट मात्र गाठलं गेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नोंद आहे की १९ ते २४ वयाच्या भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी लोकांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेलं आहे, आणि त्याच ओळीत जर्मनीचा आकडा ७५ टक्के तर दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिला आहे. या धोरणाने पुन्हा नवं वर्ष नेमून दिलं : २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी. तेही वर्ष उलटलं. धोरण छापायला फार पैसे लागत नाहीत, वर्कशॉप चालवायला लागतात.

काही पालक मला विचारतात, हे सगळं सरकारनेच का करायचं? ज्यांना कामगार हवेत त्या कंपन्या शिकवतील की. प्रश्न रास्त आहे, आणि उद्योगांचा वाटा हवाच. कायद्याने ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारकही आहे. पण घाटकोपरहून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गाने एकदा जा आणि आजूबाजूला बघा. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते. कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जची मोठी जागा होती, ती विकली गेली. घाटकोपरच्या अलीकडे कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनी बनायची, तिथे आज कोहिनूर सिटी आहे. या कारखान्यांच्या भोंग्यांवर ज्यांची घरं चालली ते लोक आजही भांडुप-मुलुंडच्या चाळींत तुम्हाला भेटतील. कारखान्याच्या आत हाताखाली घेऊन शिकवणारे जुने फोरमन होते, आणि कारखाना गेला तसं ते शिकवणंही गेलं. कंपनीला दोष देत नाही मी. कंपनी धंदा बघणार, जागेला भाव आला की ती विकणार. पण मुलुंडची आणि कुर्ल्याची आयटीआय त्या उलथापालथीत जागेवर राहिली. कारण ती सरकारची होती, म्हणजे आपली होती.

आणि काम संपलेलं नाही, त्याचं रूप बदललंय. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, मग दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मार्गिका आल्या, घाटकोपर-मुलुंडमधून जाणाऱ्या मार्गाचे खांब तुम्ही रोज बघता. प्रत्येक स्टेशनात सरकते जिने, लिफ्ट, मार्गावर सिग्नल, गाड्यांत वातानुकूलन. बोरिवलीत चार मजली सोसायटी पुनर्विकासाला गेली की तिच्या जागी वीस मजले उभे राहतात. ते वीस मजले चालते ठेवायला लिफ्ट मेकॅनिक, वायरमन, प्लंबर लागणार. एसी दुरुस्त करणारा माणूस मे महिन्यात फोन उचलत नाही, ही तक्रार तुम्हीच करता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात इलेक्ट्रिशियनही आहेत. परदेशाला हवी असलेली मुलं इथे तयार करायची, आणि त्यांना शिकवायला तांब्याची तार मागायची वेळ निदेशकावर यावी, हे जुळत नाही.

आता सध्या जे चाललंय ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत बरंच ठरणार आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारणेची ६०,००० कोटींची पाच वर्षांची योजना मंजूर केली. देशातल्या १००० सरकारी आयटीआय तिच्यात येणार आहेत. यातले ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे आणि १०,००० कोटी उद्योगांचे. म्हणजे राज्याने आपला वाटा ठेवला नाही तर केंद्राचा पैसाही पूर्ण पोचणार नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने सरकारी आयटीआय खासगी भागीदारीतून अद्ययावत करण्याचं धोरण मंजूर केलं. नवी यंत्रं येणार असतील तर मला आनंदच आहे. माझा भागीदारीला विरोध नाही. पण असा प्रयोग आपण याआधी केलेला आहे. २००७-०८ मध्ये देशभरातल्या १३९६ सरकारी आयटीआयसाठी खासगी भागीदारीची योजना आली होती. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींपर्यंत रक्कम मिळाली, पण ते अनुदान नव्हतं, बिनव्याजी कर्ज होतं, संस्थेने पुढे फेडायचं. शिकवणाऱ्या संस्थेने कर्ज कशातून फेडायचं? फी वाढवून, सशुल्क जागा वाढवून. म्हणून भागीदारीचा शब्द कानावर आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, सरकारी फीच्या जागा किती राहणार? आणि दुसरा, अंधेरी-मुलुंडसारख्या ठिकाणी, जिथे जमिनीच्या चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तिथे संस्थेची जागा संस्थेच्याच कामी राहील हे कुठे लिहून ठेवलंय? हे प्रश्न करार होण्याआधी विचारायचे असतात.

आमदार-खासदारांना विचारून काय होतं, असं वाटत असेल तर अमेरिकेतली एक घटना सांगते. २००५ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सरकारने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात व्यवसाय शिक्षणाचा केंद्रीय निधी, ज्याला तिथे पर्किन्स कायद्याचा निधी म्हणतात, शून्यावर आणायचा प्रस्ताव ठेवला. तिथल्या शिक्षकांनी आणि शाळांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रह धरला. संसदेने तो प्रस्ताव मानला नाही, पैसे चालू ठेवले, आणि २००६ मध्ये त्या कायद्याची मुदत नव्याने वाढवली. प्रस्ताव सर्वांत ताकदीच्या खुर्चीतून आला होता, तरी तो थांबला.

आता नव्वद टक्केवाल्या मुलांच्या आईबाबांना. हा विषय आपला नाही असं समजून पान उलटू नका. तुमच्या मुलाने अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचं बायफोकल घेतलं असेल, दोनशे मार्कांचा विषय म्हणून. तेही व्यवसाय शिक्षणच, आणि त्याच्या प्रयोगशाळेलाही तोच खर्च लागतो. वांद्र्याचं सरकारी तंत्रनिकेतनही सरकारी पैशातूनच चालतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे आयटीआयचं दार पुढे इंजिनीअरिंगकडेही उघडतं. हाताने शिकणं म्हणजे डोक्याने कमी असणं नाही, हे अंधेरीतल्याच एका माणसाने दाखवून दिलंय. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. ते सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती प्रत्यक्ष करत विज्ञान शिकतात, हा त्यांचा अभ्यासक्रम राज्याच्या शाळांत पोचला. एका शास्त्रज्ञाला जे महत्त्वाचं वाटलं ते आपल्याला कमीपणाचं का वाटावं?

मुलींच्या आयांना एक वेगळं सांगायचंय. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. पण आपण त्यांना शिवणकाम, ब्युटी पार्लर नाहीतर कॉम्प्युटरकडे पाठवतो, आणि इलेक्ट्रिशियनच्या जागा मुलांकडे जातात. घरात एकट्या बाईला अनोळखी माणसाला दुरुस्तीसाठी बोलवायला धाकधूक वाटते ना? मग महिला इलेक्ट्रिशियनला किती काम मिळेल याचा विचार करा. मात्र संस्थेत मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली, संध्याकाळी आवारात दिवे हवेत. त्यालाही निधीच लागतो, आणि तो मागितल्याशिवाय येत नाही.

मागायचा कसा, तेही सांगते, कारण ते कुणी शिकवत नाही. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात विधानसभेच्या २६ जागा आहेत. त्यांतली एक तुमची. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईतच होतं. तेव्हा पत्र देऊन उपयोग नाही, तोवर आकडे ठरलेले असतात. दिवाळी झाली की जायला हवं. त्याआधी जवळच्या आयटीआयला माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गेल्या वर्षी कच्च्या मालासाठी किती रक्कम मंजूर होती आणि प्रत्यक्षात किती हातात आली, निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, कुठली यंत्रं बंद पडून आहेत, एवढंच विचारा. उत्तराचा कागद घेऊन आमदारांकडे गेलात की बोलणं हवेत राहत नाही. त्यांना सांगा, कौशल्य विभागाच्या मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा हे मांडा. तारांकित प्रश्न विचारा, लक्षवेधी सूचना द्या. आमदारांकडे ही सगळी हत्यारं असतात, पण मतदारसंघातून कुणी विषय आणला तरच ती बाहेर निघतात. गटार, पाणी, पार्किंग यांसाठी आपण जातो. शिक्षणासाठी गेलोच, तर एखाद्या कॉलेजात प्रवेशाची चिठ्ठी मागायला जातो. म्हणून त्यांनाही वाटतं, लोकांना एवढंच हवंय.

ज्यांची मुलं आत्ता आयटीआयमध्ये आहेत त्यांनी घरी रोज एक गोष्ट विचारा : आज स्वतःच्या हाताने काय केलंस? "सरांनी दाखवलं" असं उत्तर आठवडाभर येत राहिलं तर प्राचार्यांना भेटा. भांडायला जाऊ नका. बहुतेक प्राचार्य तुमच्याच बाजूचे असतात. त्यांना वरिष्ठांकडे मागणी करता येते, जाहीरपणे बोलता येत नाही. त्यांच्यासाठी आपण बोलायचं आहे.

या दिवाळीनंतरची एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. एकटे जाऊ नका, चार पालक मिळून आमदारांच्या कार्यालयात जा, ज्यांचं मूल आयटीआयला नाही असा एक तरी पालक सोबत घ्या. मागणी एका पानात, मराठीत, आकड्यांसह लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अधिवेशन संपलं की ती पोच घेऊन पुन्हा जा आणि विचारा, सभागृहात आमच्या मुलांसाठी काय बोललात.